आयतवारचे मास्तर

हे लिहायला मी बसलो आहे खरा, पण हात कचरतो. माझ्या घराण्यात माझ्या आधी कोणी अक्षर काढले नाही. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि आजवर जे निबंध लिहिले ते परीक्षेपुरते, विषयही दुसऱ्यांनी दिलेले. एखाद्या माणसाचे चित्र शब्दांत काढावे एवढी माझी योग्यता नाही, हे मी जाणतो. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते ख्रिस्ती होते आणि मी नाही. त्यांच्या धर्मातले मला जे कळले ते त्यांच्याच तोंडून, तेही अर्धे. त्या धर्मातले जाणते लोक यात चुका काढतील. माझ्या जातीतले लोक विचारतील, की तुला हे लिहायचे कारणच काय पडले. दोघांचीही मी आधीच क्षमा मागतो.

कारण पडले आहे. हे कोठे छापायला देण्याआधी मला एकदा माझ्या आईला वाचून दाखवायचे आहे. तिला वाचता येत नाही. समोर बसून नुसते तोंडाने सांगायचे मला अजून जमलेले नाही. म्हणून लिहून काढतो. लिहिलेले वाचता येते, असे म्हणतात.

आमचे गाव ठाण्याच्या खाडीपलीकडे, मिठागरांच्या कडेला आहे. दर रविवारी, ठाण्यातली प्रार्थना आटोपली की मास्तर तरीतून खाडी ओलांडून बांधाबांधाने आमच्या घराकडे येत. डोक्याला पागोटे, अंगात गुडघ्यापर्यंतचा काळा डगला आणि काखेत मिटलेली छत्री. ती छत्री त्यांनी आमच्या वाटेवर कधी उघडल्याचे मला आठवत नाही. चैत्राच्या उन्हात त्यांचे तोंड तांब्यासारखे होई, श्रावणात डगल्यातून पाणी निथळे, तरी छत्री मिटलेलीच. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाले, "ही मिशनने उपदेशाला जाण्यासाठी दिली आहे. तुमच्याकडे मी उपदेशाला येत नाही."

"मग काखेत तरी कशाला आणता?"

"घरी ठेवली तर चोरीला जाईल रे," म्हणाले. त्यांच्या बोलण्यात असे काही आले, की हसावे की गप्प राहावे ते समजत नसे.

आमच्या अंगणाच्या कडेला निवडुंगाचे कुंपण होते. तिथे ते जोडे काढून उभे राहत आणि म्हणत, "बाई, मी आलोय."

आई मान वर करत नसे. ती सुकट निवडत असे, नाहीतर भात कांडत असे. मास्तर उभे राहत. दारातल्या शेवग्याची सावली सरकत सरकत कुंपणाला लागली, की "बरं आहे, येतो बाई" असे म्हणून जोडे घालत आणि आल्या वाटेने परत जात. अकरा वर्षे हे चालले. गावात त्यांचे खरे नाव कोणी घेत नसे. 'आयतवार' हेच त्यांचे नाव पडले होते.

"अगं ए, तुझा आयतवार आयला गं!" शेजारची काकी कुंपणापलीकडून ओरडायची. "मास्तर, एक खांब रोवू काय तुमच्यासाठी? टेकाया बरा पडंल!"

"नको," मास्तर गंभीरपणे सांगत. "टेकलो तर आराम होईल."

त्यांना कोणी चेष्टेने विचारले, मास्तर, खाडीला भरती लागली काय, तर सरळ 'हो' म्हणून ते कधी मोकळे झाले नाहीत. "मी तरीतून उतरलो तेव्हा पाणी तिसऱ्या पायरीला होतं. आत्ताचं मी पाहिलेलं नाही." लोक पोट धरून हसत. स्वतः न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणायची नाही, हा त्यांचा नेम इतका टोकाचा होता, की शाळेत पृथ्वी गोल आहे हे शिकवतानाही ते आधी सांगत, "हे मी पुस्तकात वाचलं आहे, मुलांनो."

हा नेम कोठून आला ते आता सांगितले पाहिजे.

मास्तर होण्याआधी ते आमच्या मिठागरावर सरकारी शिपाई होते. मीठ तयार झाले की त्याची रास घालतात आणि राशीवर सरकारी ठसा उमटवतात. कोणी रात्री मीठ काढले तर ठसा मोडतो आणि चोरी कळते. राखणीचे काम शिपायाचे. एका रात्री हे राखण सोडून ठाण्यात नातलगाच्या लग्नाला गेले. पहाटे परत येऊन पाहतात तो ठसा मोडलेला, रास एका अंगाने खचलेली. राशीभोवतीच्या ओल्या मातीत गुरांचे खूर उमटले होते. गुरांना मीठ आवडते. मोकाट गुरे येऊन रास चाटून गेली होती, इतकेच.

पण गुरे चाटून गेली म्हणावे तर, तू कोठे होतास, हा प्रश्न आला असता. मास्तरांनी ते खूर पायाने पुसले. आणि अधिकारी आला तेव्हा माझ्या वडिलांचे नाव सांगितले. वडील त्या मिठागरावर राबत आणि आदल्याच दिवशी मजुरीवरून त्यांचा अधिकाऱ्याशी खटका उडाला होता, म्हणून ते नाव सहज खपण्यासारखे होते. पुढे कचेरीत शपथ घेऊन मास्तर म्हणाले, "मी पाहिलं."

वडिलांना सहा महिन्यांची सजा झाली. चौथ्या महिन्यात ते तुरुंगात हगवणीने गेले. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. मला त्यांचा चेहरा आठवत नाही.

मास्तरांनी त्यानंतर नोकरी सोडली. मधली तीनचार वर्षे ते कोठे होते, हे ते फारसे सांगत नसत. कोणा पाद्र्याच्या दवाखान्यात तापाने पडले असताना त्यांनी त्या धर्माचे ऐकले आणि तो घेतला, एवढेच मला माहीत आहे. मी सहा वर्षांचा असताना ते पहिल्यांदा आमच्या दारात आले. आई सांगते, त्यांनी काही आडपडदा ठेवला नाही.

"वहिनी, मी खोटं बोललो. त्यानं मीठ काढलं नव्हतं."

"मी कोनाची वयनी नाय," आई म्हणाली. "आन् तो चोर नव्हता, ह्ये मना कनाला सांगतोस? मना ठावं हाय. गावाला सांग."

ते गावदेवीच्या देवळासमोर गेले आणि जमलेल्या सगळ्या गावाला त्यांनी सांगितले. खुरांच्या खुणा पायाने पुसल्या, हेही सांगितले. ते न सांगते तरी चालले असते. कोणालाच ठाऊक नव्हते. लोक उठले. कोणी खाजणातला चिखल उचलून मारला, कोणी काठी आणायला धावला. मास्तर जागचे हलले नाहीत. तेव्हा आईच मध्ये पडली.

"मारू नका त्याला. मारलंत का तो मोकला व्हईल."

हे वाक्य मी लहानपणापासून गावात ऐकत आलो आहे. लोक ते आईच्या कौतुकाने सांगतात. मास्तरांनीही ते मला एकदा सांगितले होते, डोळे मिटून, एखादा धडा म्हणावा तसे. म्हणाले, "तुझी आई माझ्या पाद्रीसाहेबांपेक्षा शहाणी आहे."

गावाला सांगून झाल्यावर ते कचेरीतही गेले होते. मी खोटी शपथ घेतली, मला शिक्षा करा, म्हणून अर्ज दिला. कारकुनाने अर्ज वाचला, वर पाहिले आणि विचारले, "आरोपी कुठे आहे?" मास्तर म्हणाले, वारला. "मग आता याचं मी काय करू? दप्तर केव्हाच बंद झालं. घरी जा, डोक्याला तेल लावा." पुढे सहा महिने ते दर सोमवारी तिथे जाऊन बसत. शेवटी पट्टेवाला त्यांना पायरीवरूनच परत पाठवू लागला. शिक्षा द्यायला गाव तयार होते, तर आईने अडवले. आणि कचेरी तर शिक्षा द्यायलाच तयार नव्हती. म्हणून मग रविवार उरला, असे मला वाटते.

ते ठाण्यातल्या मिशनच्या शाळेत शिकवत, आणि त्यांच्याच त्या शाळेत आईने मला का घातले, हे लोकांना कोडे होते. मामा चिडला होता. आई त्याला म्हणाली, "त्यानं पोराचा बापूस नेला. आता त्यानंच पोराला शिकवायचं. दुसरा कोन शिकवील फुकट जीव तोडून?" पहिल्या दिवशी मामाने मला शाळेच्या दारात सोडले आणि मास्तरांकडे न बघताच म्हणाला, "ह्याला घ्या. खायला काय देऊ नका."

त्यांच्या शिकवण्याची एक रीत होती. गणित चुकले की पोरे चटकन थुंकी लावून पाटी पुसतात. मास्तर पुसू देत नसत. "आधी दाखव, कुठं चुकलास." पोराने चुकलेल्या आकड्यावर बोट ठेवून 'इथे चुकलो' म्हणायचे, मगच पुसायचे. छडी त्यांनी कधी हातात धरली नाही. ते हाताची घडी घालून समोर उभे राहत आणि वाट बघत. पोरे म्हणायची, याच्यापेक्षा छडी बरी.

एकदा मी हट्टाला पेटलो. चूक मला दिसली होती, पण वर्गातली ब्राह्मणांची दोन मुले माझ्याकडे बघून हसत होती, म्हणून मी बोट ठेवीना. शाळा सुटली. पोरे गेली. मास्तर समोर उभेच. बाहेर ऊन उतरले, हमरस्त्यावरून बैलगाड्या गेल्या, त्यांच्या गळ्यांतल्या घंटा ऐकू येईनाशा झाल्या. मी रडू लागलो. ते खाली बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मला ठाऊक आहे कुठं चुकलंय ते. मीच बोट ठेवलं तर तुझं काय राहिलं?"

मी हातचा विसरलेल्या जागी बोट ठेवले. त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू मी वर्गात पहिला आलो. मग ते तरीपर्यंत मला पोचवायला आले. वाटेत म्हणाले, "देवही असाच उभा असतो. तो गप्प असतो म्हणून आपल्याला वाटतं, विसरला. तो विसरलेला नसतो. आपल्याला मागं फिरायला जागा देऊन उभा असतो." मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. मला भूक लागली होती. हे बोलणे मला पुढे फार वर्षांनी आठवले.

ते अळणी खात. मीठ ताटातच नव्हे, घरातही नसे. शेजाऱ्यांनी आमटी दिली तर हात जोडून परत करीत. पाद्रीसाहेबांना हे बिलकूल पसंत नव्हते. साहेब उंच, लाल चेहऱ्याचे, आणि मराठी बोलत ते पोथी वाचल्यासारखे. एकदा शाळा तपासायला आले असता, आम्हा मोठ्या मुलांसमोरच त्यांनी विचारले, "मास्तर, तुम्ही हे व्रत कशासाठी करता? मीठ सोडून तुम्ही परमेश्वराची क्षमा विकत घेऊ पाहता काय?"

"नाही साहेब. क्षमा फुकट आहे, हे तुम्हीच मला शिकवलंत."

"मग?"

"मीठ फुकट नाही, साहेब. ते कुणीतरी भर उन्हात उभं राहून काढतं. माझ्या घशाखाली ते उतरत नाही, एवढंच."

"आणि तो दर रविवारचा प्रवास? परमेश्वराने तुम्हाला क्षमा केली आहे यावर तुमचा विश्वास नाही?"

"आहे. देवानं केली आहे. पण देव विधवा झाला नव्हता, साहेब."

साहेबांनी तपासणीची वही मिटली. मग ते दुसऱ्या इयत्तेचा भूगोल तपासायला गेले. मास्तर आमच्याकडे वळून म्हणाले, "मी आत्ता जे बोललो ते उद्धट होतं. बरोबर होतं की नाही ते मला माहीत नाही. तुम्ही ते पाठ करू नका." आणि खडू उचलून फळ्याकडे वळले.

उपदेश करण्यात ते अगदीच कच्चे होते. टेंभी नाक्यावर बाजाराच्या दिवशी ते उभे राहत, तेव्हा इतर उपदेशक जसे गातात, टाळ वाजवतात, तसले यांना काही येत नसे. यांची छत्री मात्र त्या दिवशी उघडलेली असे. एक गोष्ट ते नेहमी सांगत, आणि ती आमच्या माणसांना कळण्यासारखी होती. आगरात खाडीचे पाणी घेतले की ते उभे राहू द्यावे लागते. ढवळून मीठ धरत नाही, शिव्या देऊन धरत नाही. उन्हात उभे राहता राहता एके दिवशी पाण्यावर पांढरी साय येते. देव आपल्या आगराच्या बांधावर असाच बसला आहे, म्हणत, आपल्यात मीठ धरण्याची वाट बघत.

एकदा मी गर्दीच्या मागे उभा होतो. एक पानवाला ओरडला, "अहो मास्तर, तुमचा देव एवढा दमाचा आहे, तर आम्हाला कसली घाई? पुढच्या बाजाराला बघू की!"

लोक हसले. मास्तर अडखळले. त्यांना उत्तरे लवकर सुचत नसत. शेवटी त्यांनी एकच शब्द उच्चारला, "पाऊस."

"कुठाय? आभाळ तर निरभ्र आहे!" पुन्हा हशा.

परत येताना मी त्यांच्याबरोबर चाललो. तेव्हा मी इंग्रजी शाळेत होतो आणि मला थोडी शिंगे फुटली होती. मी विचारले, "मास्तर, देव थांबतो तर पाऊस कसला आणता मध्ये?"

"देवाचं थांबणं संपत नाही रे. हंगाम संपतो. तो माझा संपतो, तुझा संपतो. मीठ धरायच्या आधी पाऊस आला तर त्यात बांधावर बसलेल्याचा काय दोष?" जरा वेळाने म्हणाले, "तुझ्या बापाकडे मला जाता आलं असतं. तो चार महिने तुरुंगात होता. माझ्या खोलीपासून अर्ध्या कोसावर. मी रोज म्हणत होतो, उद्या जाऊ."

 त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांचा राग आला नाही. त्याआधी येत असे, हे मी लपवू इच्छीत नाही. त्यांच्याकडून शिकत होतो, त्यांचे ऋण वाटत होते, आणि कधी कधी वर्गात त्यांच्या मानेकडे बघून वाटे, की हाच तो माणूस.

मी मॅट्रिक झालो. आमच्या जातीतल्या एका शेठजींनी माझ्या फीची सोय केली आणि मी मुंबईस कॉलेजात गेलो. त्याच सुमारास मिशनने मास्तरांना कल्याणच्या लहान शाळेवर पाठवले. तिथूनही ते रविवारी आगगाडीने ठाण्याला आणि पुढे आमच्या गावाला येत. पण पाय सुजू लागले होते. काकी म्हणे, आता आयतवार काठी घेऊन येतो.

गेल्या नाताळच्या सुटीत मी घरी गेलो तेव्हा आई चुलीपुढे बसली होती. माझी विचारपूस झाली, भाकरी झाली. मग ती लाकडे आत सारत म्हणाली, "पाच आयतवार झालं. आयला नाय."

"कोण?"

तिने माझ्याकडे असे पाहिले, की मी पुढे विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा ती कुंपणापर्यंत आली. "कल्याणला जाशील? त्याला सांग, ये म्हनाव. माफ केला म्हनून नाय. तसं काय सांगू नको. पन अंगनात ये म्हनाव. ओटीवर बस म्हनाव." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "येवढंच सांग. जास्ती काय तुझ्या मनचं घालू नको."

त्या पहिल्या दिवसानंतर अकरा वर्षांत तिने त्यांच्यासाठी उच्चारलेले हे पहिले शब्द होते आणि ते तिने माझ्या हाती दिले होते.

मी ठाण्याच्या स्टेशनावर आलो. कल्याणकडची गाडी यायची होती. फलाटावर शेठजींचे मुनीम भेटले. त्या दिवसांत ठाण्यातला एक शिकलेला मुलगा ख्रिस्ती होण्यासाठी पाद्र्याच्या बंगल्यावर राहायला गेला होता आणि सगळे शहर तापले होते. मिशनच्या माणसाशी दोन शब्द बोलणाऱ्याकडेही लोक वळून बघत.

"मुंबईची गाडी पलीकडून," मुनीम म्हणाले. "इकडे कुठे उभे? कल्याणला कोण आहे तुमचं?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

आणि पलीकडे जाऊन मुंबईच्या गाडीत बसलो. मनाशी म्हटले, पुढच्या रविवारी जाऊ. पुढच्या रविवारी अभ्यास होता. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे होते. मी पत्र लिहायला तीनदा बसलो. पण आईचे ते शब्द कागदावर उतरवून टपालात टाकणे मला बरे वाटेना. ते तोंडानेच सांगायचे होते, अशी मी समजूत करून घेतली.

शिमग्याला दोन दिवस घरी गेलो. आईने पाणी दिले आणि विचारले, "निरोप दिलास?"

तेव्हाही मला खरे बोलता आले असते. आई रागावली असती, त्याच पावली मला परत पाठवले असते, आणि मी गेलो असतो. पण ती माझ्याकडे अशा काही आशेने बघत होती, की माझ्या तोंडून निघून गेले, "दिला."

"काय बोलला?"

"बघतो म्हणाले."

"बरं," आई म्हणाली.

दुसरा दिवस रविवार होता. सकाळी मी उठलो तेव्हा अंगण सारवलेले होते. ओटीवर पाट मांडला होता. मी त्या पाटाकडे बघत राहिलो आणि काही बोललो नाही. दुपारी शेवग्याची सावली कुंपणाला लागली तशी आई उठली, पाट उचलून आत ठेवला, आणि काकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मोठा झाला आता. रुसला असंल."

मी संध्याकाळच्या गाडीने मुंबईला परत आलो. एका माणसाने स्वतःला वाचवायला कचेरीत दोन शब्द उच्चारले होते, आणि त्या दोन शब्दांपायी तो अकरा वर्षे आमच्या कुंपणाशी उभा होता. मी तर एकच उच्चारला होता. त्या गाडीत मला मास्तर जितके समजले तितके शाळेत कधी समजले नाहीत. तरी मी कल्याणला गेलो नाही. परीक्षा पंधरा दिवसांवर होती. म्हटले, परीक्षा होऊ दे, मग आधी कल्याण, मग घर. दोघांपुढेही सांगेन. तारीखसुद्धा ठरवून ठेवली होती.

परीक्षेचे शेवटचे दोन पेपर राहिले असताना घरून पत्र आले. अक्षर गावच्या पंतोजींचे होते, पण त्यांनी आईचे बोलणे जसेच्या तसे उतरवले होते. ते असे.

"तुला कळवायला सांगतंय का मास्तर गेला. बुधवारी गेला. त्याच्या आधल्या आयतवारी मी मामाला घेऊन कल्याणला गेली व्हती. इतके दिस वाट बघितली, तो आयला नाय, म्हनून मीच गेली. शालेच्या मागल्या खोलीत निजला व्हता. पाय हंड्यासारखं झालं व्हतं. मना बघून उठाया लागला, मी बोलली, निज. मी त्याला इचारलं, पोराबरोबर निरोप धाडला व्हता नाताळात, तुला पोचला नाय काय? तो लय वेल माझ्याकडं बघत रायला. मंग बोलला, पोचला बाई. पोरगा सवता आयलेला, चांगलं समजावून सांगून गेला. माझेच पाय चाललं नाय. मी त्याच्यापाशी सांजपर्यंत बसली. तू परीक्षा नीट दे. निरोप दिलास ते लय बरं केलंस. नायतर त्या मानसाला मरताना मी दगडच वाटली असती."